कचरा विकला, तरी जबाबदारी उरते

व्यापाऱ्याची वही दोन गोष्टी नेमकेपणाने सांगते: येणे किती आणि देणे किती. मालाची खरेदी, उधारी, व्याज, कर, पगार या साऱ्यांची नोंद तेथे असते. मात्र उद्योगधंद्यातील एक देणे बहुधा कोणत्याही पानावर आढळत नाही. ते म्हणजे धंद्यातून निर्माण होणाऱ्या कचऱ्याचे. भंगारवाल्याने माल उचलला, पालिकेची गाडी येऊन गेली किंवा ट्रक फाटकाबाहेर पडला, की त्या वस्तूशी आपला संबंध संपला, असा सर्वसाधारण समज असतो. कायदा मात्र तसे मानत नाही. तो का मानत नाही, हे समजून घ्यायचे असेल, तर नागपूरच्या उत्तरेस असलेल्या कोराडीकडे पाहिले पाहिजे.

कोराडीची राख

कोराडी हे नाव जगदंबेच्या मंदिरामुळे विदर्भभर परिचित आहे. राज्याच्या इतर भागांत ते औष्णिक वीज केंद्रामुळे ओळखले जाते. येथील पहिला संच १९७४ साली सुरू झाला. पुढे २०१५ ते २०१७ या काळात प्रत्येकी ६६० मेगावॉट क्षमतेचे तीन मोठे संच उभे राहिले. हे केंद्र महानिर्मिती या शासकीय कंपनीचे आहे.

वीज तयार करण्यासाठी कोळसा जाळावा लागतो. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण मोठे, साधारणतः ३० ते ४५ टक्के असते. म्हणजे १०० टन कोळसा जळाला, तर ३० टनांहून अधिक राख मागे उरते. तिचा थोडा भाग भट्टीच्या तळाशी जमतो. बराचसा भाग धुराबरोबर वर जातो आणि यंत्रांच्या साह्याने धुरातून वेगळा केला जातो. हीच उडती राख, व्यवहारातील फ्लाय ॲश. कोरडी राख सिमेंट कारखान्यांना आणि विटा बनविणाऱ्यांना चालते. जिला गिऱ्हाईक मिळत नाही ती पाण्यात कालवून नळांवाटे दूरच्या तलावात सोडली जाते. मातीचे बांध घालून तयार केलेल्या या तलावात राख खाली बसते आणि पाणी वर राहते. तलाव भरत आला, की बांधाची उंची वाढवितात.

कोराडी केंद्राचा असा राखेचा बंधारा कामठी तालुक्यातील खसाळा गावाजवळ आहे. जुलै २०२२ मध्ये विदर्भात मुसळधार पाऊस झाला आणि १६ जुलै रोजी हा बंधारा फुटला. राखमिश्रित पाण्याचा लोंढा खसाळा व आसपासच्या गावांच्या शिवारात शिरला. शेतांवर करड्या चिखलाचा थर बसला. ही राख ओढ्यानाल्यांवाटे नदीच्या पाण्यात जाऊ लागली. या परिसराचे पाणी कोलार नदीतून कन्हान नदीला मिळते, आणि कन्हान हा नागपूर शहराच्या पिण्याच्या पाण्याच्या दोन मुख्य स्रोतांपैकी एक आहे. वीज केंद्राच्या मागील बाजूस साठलेला प्रश्न अशा रीतीने नळाच्या तोटीपर्यंत पोहोचू शकतो.

येथे विचार करण्याजोगी गोष्ट अशी, की ती राख एका रात्रीत निर्माण झालेली नव्हती. ती वर्षानुवर्षे साठत गेली होती. बँकेच्या भाषेत बोलायचे तर ते ताळेबंदात न दाखविलेले संभाव्य देणे होते. हमीपत्र दिलेल्या व्यक्तीला कर्जदार हप्ते भरतो आहे तोवर कसलीही तोशीस पडत नाही. पण देणे अस्तित्वात असते आणि एके दिवशी ते समोर येऊन उभे ठाकते. खसाळ्यात तो दिवस पावसाने आणला, इतकेच.

पाऊस ही सबब होऊ शकते काय?

अतिवृष्टी ही दैवी आपत्ती आहे, तिच्यावर कोणाचा इलाज नाही, असा युक्तिवाद अशा प्रसंगी स्वाभाविकपणे केला जातो. परंतु राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या २०१० च्या कायद्याने या युक्तिवादाची वाट बरीच अरुंद केली आहे. त्या कायद्याच्या कलम १७ नुसार अपघाताच्या बाबतीत दोष कोणाचा हे सिद्ध होण्याची वाट न पाहता भरपाईची जबाबदारी ठरविता येते. कलम २० नुसार न्यायाधिकरणाने आपला निर्णय देताना, प्रदूषण करणाऱ्यानेच त्याची किंमत मोजावी, हे तत्त्व लागू करावयाचे असते.

या तत्त्वाची सर्वांत कठोर प्रचिती राजस्थानातील बिछडी प्रकरणाने दिली. उदयपूर जिल्ह्यातील या गावाजवळ १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात एच-ॲसिड नावाच्या रसायनाचे उत्पादन होत असे. सुमारे ३७५ टन उत्पादनामागे २,४०० टनांहून अधिक विषारी गाळ निर्माण झाला आणि तो उघड्यावर पडून राहिला. पावसाबरोबर त्याचा अंश जमिनीत झिरपला, विहिरींचे पाणी रंगले, ते पिण्याच्याच काय पण शेतीच्याही कामाचे राहिले नाही. एच-ॲसिडचे उत्पादन थांबले; गाळ आणि त्याचे परिणाम मात्र थांबले नाहीत. फेब्रुवारी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की धोकादायक व्यवसाय करणाऱ्याने पुरेशी काळजी घेतली होती किंवा नाही, हा प्रश्नच येथे गौण आहे. हानी झाली असेल तर ती भरून देणे आणि परिसर पूर्ववत करण्याचा खर्च सोसणे त्याला भाग आहे.

व्यापारी वाचकांनी लक्षात ठेवावा असा भाग यापुढचा आहे. निर्णयानंतरही रक्कम भरली गेली नाही. अर्जांवर अर्ज होत राहिले. अखेर जुलै २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ३७.३८५ कोटी रुपये भरण्याचा आदेश दिला, आणि तोही ४ नोव्हेंबर १९९७ पासून दरसाल १२ टक्के चक्रवाढ व्याजासह. या दराने मुद्दल साधारण सहा वर्षांत दुप्पट होते. वार्षिक चक्रवाढ धरून गणित केले, तर आदेशाच्या दिवशी ती रक्कम पावणेदोनशे कोटींच्या घरात जाते. कचऱ्याचे देणे लांबणीवर टाकणे म्हणजे ते माफ होणे नव्हे, हे यापेक्षा स्पष्ट शब्दांत कोणी सांगावे?

राखेला किंमत आली ती कायद्यामुळे

राखेच्या बाबतीत केंद्र शासनाने १४ सप्टेंबर १९९९ रोजी पहिली अधिसूचना काढली. औष्णिक केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतील वीटभट्ट्यांनी मातीत वजनाच्या किमान २५ टक्के राख मिसळावी, असे तीत म्हटले होते. हे अंतर २००३ मध्ये १०० किलोमीटर आणि २०१६ मध्ये ३०० किलोमीटर करण्यात आले. ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने चित्र अधिक स्पष्ट केले. तिच्यानुसार निर्माण होणाऱ्या राखेचा १०० टक्के उपयोग करणे केंद्रांना बंधनकारक आहे. १ एप्रिल २०२२ पासून त्यासाठी तीन ते पाच वर्षांचे टप्पे मोजले जातात, आणि उपयोगात न आलेल्या राखेवर टनामागे १,००० रुपये पर्यावरणीय भरपाई आकारण्याची तरतूद आहे. म्हणजे एक लाख टन राख पडून राहिली, तर १० कोटी रुपयांचे देणे झाले. पूर्वीपासून साठलेल्या राखेचीही १० वर्षांत विल्हेवाट लावावी, असे ही अधिसूचना सांगते.

या तरतुदींमागील अर्थशास्त्र साधे आहे. राख तलावात सोडणे जोवर फुकट होते, तोवर तिला गिऱ्हाईक शोधण्याची निकड कोणाला नव्हती. तलावाचा खरा खर्च केंद्राच्या वहीत पडत नव्हता. तो शेजारच्या शेतकऱ्याच्या विहिरीत, पिकात आणि श्वासात पडत होता. टनामागे दर लागताच तो खर्च ज्याचा त्याच्या वहीत आला. आणि मग तीच राख विटांत, सिमेंटमध्ये, रस्त्याच्या भरावात आणि खाणींच्या रिकाम्या पोकळ्यांत जाऊ लागली. पोझोलाना सिमेंटच्या पोत्यात, भारतीय मानकानुसार, १५ ते ३५ टक्के फ्लाय ॲशच असते. एकाचा कचरा हा दुसऱ्याचा कच्चा माल होऊ शकतो. मात्र त्यासाठी कचऱ्याचा धनी कोण, हे आधी ठरावे लागते.

या अधिसूचनेचा एक धागा सर्वसामान्य व्यापाऱ्यापर्यंतही येतो. औष्णिक केंद्रापासून ३०० किलोमीटरच्या आत होणाऱ्या इमारतींच्या बांधकामात, खासगी बांधकामातही, राखेपासून बनविलेल्या विटा, फरशा वा तत्सम वस्तू वापरणे अपेक्षित आहे. अट एवढीच, की त्यांची किंमत पर्यायी वस्तूंपेक्षा अधिक नसावी. कोराडी, खापरखेडा, मौदा, चंद्रपूर, तिरोडा अशी केंद्रे असलेल्या विदर्भाचा बहुतेक भाग या कक्षेत येतो. नवे गोदाम वा दुकान बांधणाऱ्याने वास्तुविशारदाशी याबाबत आधीच बोलणे श्रेयस्कर.

लहान धंद्याचे काय?

खसाळ्याचा बंधारा शासकीय कंपनीचा आणि बिछडीचा गाळ रसायन कारखान्याचा. किराणा, कापड, धान्य, भांडी वा वाहनांचे सुटे भाग विकणाऱ्याचा त्याच्याशी संबंध काय, असा प्रश्न येथे उपस्थित होईल. प्रमाण वेगळे असले तरी तत्त्व एकच आहे: कचरा ज्याच्या धंद्यातून निघाला, तो योग्य ठिकाणी पोहोचेपर्यंत त्याची जबाबदारी त्याच्यावर राहते.

सर्वांत आधी प्लॅस्टिक. महाराष्ट्राने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि एकदाच वापरून फेकावयाच्या अनेक वस्तूंवर बंदी घातली. पहिल्या गुन्ह्यास ५,००० रुपये, दुसऱ्यास १०,००० रुपये, आणि तिसऱ्यास २५,००० रुपये दंड व तीन महिन्यांचा कारावास, अशी ही चढती भाजणी आहे. केंद्राच्या नियमांनी १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरावयाच्या ठराविक प्लॅस्टिक वस्तू देशभर बंद केल्या आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून पिशवीची किमान जाडी १२० मायक्रॉन केली. जो व्यापारी स्वतःच्या नावाने मसाले, फरसाण वा डाळी प्लॅस्टिकच्या पाकिटांत भरून विकतो, तो कायद्याच्या दृष्टीने केवळ दुकानदार राहत नाही. तो त्या नाममुद्रेचा धनी ठरतो. १६ फेब्रुवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा धन्यावर पाकिटाच्या प्लॅस्टिकची विस्तारित जबाबदारी येते. सूक्ष्म व लघु उद्योगांना यात सवलत आहे. पण आपण त्या व्याख्येत बसतो, हे गृहीत न धरता उद्यम नोंदणीवरून पडताळून घ्यावे.

दुसरी बाब बॅटरीची. इन्व्हर्टरची जुनी बॅटरी ही शिसे आणि आम्ल यांची पेटी असते. तिला भंगारात चांगला भाव येतो, आणि मोह होतो तो तेथेच. बिनपरवाना भट्टीवाला थोडे अधिक पैसे देतो, कारण आम्ल जमिनीत ओतून देण्याचा आणि शिशाची वाफ हवेत सोडण्याचा खर्च त्याला पडत नाही. तो खर्च त्याच्या शेजाऱ्यांची मुले सोसतात. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेली बॅटरी गोळा करणाऱ्या वा पुनर्प्रक्रिया करणाऱ्या योग्य यंत्रणेकडेच पोहोचविणे, हे वापरणाऱ्याचेही कर्तव्य आहे.

तिसरी बाब जळक्या तेलाची. मालवाहू वाहने बाळगणारे, जनित्र चालविणारे, गॅरेज वा लहान कारखाना असणारे यांच्याकडे वापरलेले तेल साठतेच. २०१६ च्या घातक कचरा नियमांत त्याची गणना होते. असा कचरा सर्वसाधारणपणे ९० दिवसांपेक्षा अधिक काळ साठवू नये, तो अधिकृत संस्थेसच द्यावा आणि त्याच्या वाहतुकीचे विहित चलन जपावे, असे हे नियम सांगतात. या कचऱ्याच्या अयोग्य हाताळणीमुळे पर्यावरणाची वा अन्य कोणाची हानी झाल्यास जबाबदारी ज्याच्या ताब्यात ती जागा व कारभार आहे त्याच्यावर येते. म्हणजे मुनिमाने परस्पर विकले, हमालाने नाल्यात ओतले, अशा सबबींना येथे वाव नाही.

राहिला तो नित्याचा कचरा: खोकी, बारदान, सडका भाजीपाला, झाडलोट. प्रकारांनुसार तो वेगळा करणे, उघड्यावर न फेकणे, न जाळणे आणि स्थानिक संस्थेचे शुल्क भरणे ही कचरा निर्माण करणाऱ्याची कर्तव्ये आहेत. दुकान वाढविताना संध्याकाळी रस्त्याच्या कडेला खोकी पेटविण्याची जुनी सवय आता दंडास पात्र आहे.

पर्यावरण संरक्षण कायद्यातील शिक्षांचे स्वरूपही बदलले आहे. १९८६ च्या मूळ कायद्यात पाच वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा होती. जनविश्वास कायद्याने कारावासाऐवजी १०,००० ते १५ लाख रुपयांपर्यंतच्या शास्तीची तरतूद केली. ही दुरुस्ती १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली. उल्लंघन चालूच राहिल्यास दर दिवसाला १०,००० रुपये अधिक. तुरुंगाची भीती कमी झाली म्हणून अनेकांना हायसे वाटले. पण खटला वर्षानुवर्षे चालत असे, शास्ती मात्र अधिकारी चौकशी करून ठरवितो. व्यवहाराच्या दृष्टीने पाहता भार हलका झाला, असे म्हणता येणार नाही.

वहीत कोणती नोंद असावी?

बँकेकडे कर्जाचा प्रस्ताव आला, की जागेची कागदपत्रे, कराच्या पावत्या, विम्याचे पत्र जसे पाहिले जाते, तसेच कारखान्याच्या बाबतीत प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतिपत्रही पाहिले जाते. ज्या उद्योगाची संमती संपली आहे, त्याला टाळे लागण्याचा धोका असतो, आणि टाळे लागलेला उद्योग हप्ता भरू शकत नाही. म्हणून पुढील काही नोंदी प्रत्येक पेढीने ठेवाव्यात.

१. आपल्या धंद्यातून कोणकोणता कचरा निघतो, त्याची एक यादी. बहुतेकांनी ती कधीच केलेली नसते.

२. संमतिपत्र आवश्यक असल्यास त्याची मुदत आणि त्यातील अटी. उद्योगांची वर्गवारी लाल, नारिंगी, हिरवा, पांढरा अशी प्रदूषणाच्या प्रमाणानुसार होते. पांढऱ्या वर्गासाठी केवळ कळविणे पुरेसे असते.

३. बॅटरी, तेल, विद्युत उपकरणे कोणाला दिली, त्याच्या नोंदणीची प्रत. प्रत जोडलेली नसेल तर माल देऊ नये.

४. भंगाराच्या प्रत्येक विक्रीचे बिल आणि वजनकाट्याची पावती. भंगारावर वस्तू व सेवा कर लागतो. बिलाविना विकलेले भंगार दोन कायद्यांच्या कचाट्यात सापडते.

५. भागीदारी वा कुटुंबातील वाटणीच्या वेळी जागेवर साठलेल्या कचऱ्याचा स्पष्ट उल्लेख. जुना कारखाना वा प्लॉट विकत घेणाऱ्यानेही जमिनीत काय पुरले आहे, हे सौद्याआधी विचारावे.

शेवटचा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. वडिलोपार्जित मालमत्तेबरोबर वडिलोपार्जित देणेही येते, हे व्यापारी घराण्यांना सांगावे लागत नाही. पुढील पिढीच्या हाती दुकानाची किल्ली देताना मागील अंगणातील पिंपांमध्ये काय आहे, हेही सांगितले गेले पाहिजे.

कायद्यापलीकडे

कायदा अलीकडचा असला, तरी त्यामागील विचार जैन आचाराला नवा नाही. साधूंसाठी सांगितलेल्या पाच समितींपैकी पाचवी, परिष्ठापनिका किंवा उत्सर्ग समिती, टाकाऊ वस्तूच्या विसर्जनाविषयीच आहे. जागा नीट पाहून, तेथे जीव नाहीत याची खात्री करून, यतनापूर्वक वस्तू ठेवावी, असा तिचा आशय. वस्तू टाकून दिल्याने तिच्यामुळे होणाऱ्या हिंसेतून टाकणारा मोकळा होत नाही, ही जाणीव तिच्या मुळाशी आहे. श्रावकावर मुनीधर्माचे बंधन नसले, तरी दिशा तीच आहे. पाणी गाळून पिणाऱ्या घरातील पेढीने जळके तेल नाल्यात सोडावे, ही विसंगती कोणत्याही अधिकाऱ्याने नोटीस काढण्यापूर्वी आपल्याच लक्षात यायला हवी.

खसाळ्याच्या शेतकऱ्याने कोराडीची राख निर्माण केली नव्हती. तिच्यापासून तयार झालेली वीज नागपूर, पुणे, मुंबई अशा सर्वत्र वापरली गेली. राख मात्र त्याच्या बांधावर आली. प्रत्येक धंद्याच्या मागील दारी असा एखादा शेतकरी उभा असतो. त्याचे नाव ठाऊक नसते, त्याचे बिल कधी येत नाही, म्हणून त्याचे देणे नाहीच असे मानले जाते. येत्या दिवाळीला नवी वही उघडताना उजव्या-डाव्या रकान्यांबरोबर या देण्यासाठीही एक पान राखून ठेवले, तर हिशेब अधिक खरा होईल.